एक्सपीवर झेडएसटीडी चालवताना नेमकं काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मोजमापाच्या यंत्राला जोडलेला ३२ बिटी विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर आहे. यंत्राचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, त्यामुळे कॉम्प्युटर बदलता येत नाही. रोज मोजमापांच्या फाइली साठतात आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी सांगितलंय की त्या झेडएसटीडीने (zstd, फाइली लहान करणारा प्रोग्रॅम) कॉम्प्रेस करूनच पाठवा. तयार एक्झी (विंडोजची .exe फाइल) आणून चालवली तर ‘कर्नेल३२.डीएलएलमध्ये इनिशियलाइझ-कंडिशन-व्हेरिएबल सापडत नाही’ अशी चौकट येते आणि प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो. म्हणून तुम्ही विचारताय की झेडएसटीडीचा सोर्स (मूळ कोड) एक्सपीवर पोर्ट कसा करायचा, म्हणजे तिथे चालेल असा कसा करायचा, आणि त्यासाठी कॉम्प्रेशनचा अल्गोरिदम किती खोलात समजून घ्यावा लागेल.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच बहुतेक जण घाबरतात. अल्गोरिदम समजून घ्यावा लागणार नाही, आणि त्याला हातही लावायचा नाही. जुन्या यंत्रांवरची सॉफ्टवेअरं चालती ठेवणं हे माझं रोजचं काम आहे. त्यात वारंवार दिसतं ते हे की कॉम्प्रेशनचा गाभा कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर जसाच्या तसा चालतो. तो बाइट आत घेतो, बाइट बाहेर देतो, आणि सिस्टिमकडे फक्त थोडी मेमरी मागतो. गाडं अडतं ते प्रोग्रॅम आणि सिस्टिम यांच्या सीमेवर: फाइल उघडणं, थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) चालवणं, फाइलची नावं, चार जीबीपुढचे आकडे, स्क्रीनवर छापणं. पोर्टिंगचं सगळं काम या पट्ट्यातलं आहे.

ही काही नवी गोष्ट नाही. इन्फो-झिप या जुन्या प्रकल्पाच्या झिप आणि अनझिपचा सोर्स कधी उघडून पाहा. अनझिप ६.० ही २००९ सालची आवृत्ती आहे. त्यात डॉस, ओएस/२, व्हीएमएस, अमिगा, युनिक्स, विन३२ अशी प्रत्येक सिस्टिमची वेगळी फोल्डर आहेत आणि उलगडण्याचा मूळ कोड सगळ्यांना एकच आहे. तुम्हीही हीच शिस्त पाळा. एक्सपीसाठी केलेला प्रत्येक बदल एकाच फाइलीत किंवा एकाच फोल्डरमध्ये ठेवा. उद्या झेडएसटीडीची नवी आवृत्ती घ्यायची वेळ आली तर गाभा बदलायचा आणि तुमची फाइल तशीच जोडायची.

आता खरा प्रश्न पोर्टिंगचाच आहे का, हे आधी तपासू. तुम्हाला या कॉम्प्युटरवर झेडएसटी फाइली फक्त उघडायच्या असत्या तर मी म्हटलं असतं, काही करू नका, ७-झिप टाका. ७-झिप अजूनही एक्सपीवर चालतं आणि २०२४ मधल्या आवृत्त्यांपासून ते झेडएसटी फाइली उघडतं. पण ते अशा फाइली बनवत नाही, आणि तुम्हाला बनवायच्या आहेत. दुसरा रस्ता म्हणजे सर्व्हरवाल्यांना विचारायचं की जीझिप किंवा ७झेड चालेल का. हा फोन नक्की करा. पुष्कळदा ‘झेडएसटीडीच हवं’ हा नियम कुणीतरी सगळ्यांसाठी एकदाच लिहिलेला असतो आणि एका जुन्या कॉम्प्युटरसाठी सूट देण्यात त्यांचं काही अडत नाही. ते हो म्हणाले तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही. नाही म्हणाले असं धरून पुढे जातो.

आणखी एक गोष्ट तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. हे यंत्र औषध कंपनीच्या किंवा तपासणीच्या प्रयोगशाळेत असेल, तर त्या कॉम्प्युटरवर कुठलीही नवी एक्झी टाकण्याआधी गुणवत्ता विभागाची लेखी परवानगी लागेल. तिथे कदाचित सोपं हे की नेटवर्क-फोल्डरमधून किंवा पेनड्राइव्हने फाइली कच्च्याच शेजारच्या नव्या कॉम्प्युटरवर आणायच्या आणि कॉम्प्रेशन तिथे करायचं. साध्या वर्कशॉपमध्येही हा पर्याय वाईट नाही. शेजारी नवा कॉम्प्युटर आणि जोडणारी वायर असेल, तर मी स्वतः हाच रस्ता आधी सुचवतो. पण तुम्ही लिहिलंय की त्या खोलीत दुसरा कॉम्प्युटर नाही आणि नेटवर्क हळू आहे, म्हणजे फाइली तिथेच लहान व्हायला हव्यात. मग पोर्टला पर्याय नाही.

आता ती चौकट. ती नेमकी का येते हे समजलं की अर्धं काम झालं. विंडोजची एक्झी आपल्यासोबत एक यादी घेऊन फिरते: मला अमुक डीएलएलमधली अमुक फंक्शनं लागतील. तुम्ही एक्झी सुरू केली की लोडर ही यादी वाचतो आणि प्रत्येक नाव शोधतो. एक जरी नाव सापडलं नाही तरी प्रोग्रॅमची पहिली ओळसुद्धा चालत नाही. म्हणून ‘विंडोज जुनं असेल तर हे फंक्शन वापरू नकोस’ अशी अट कोडमध्ये घालून उपयोग होत नाही, कारण ती अट चालायची वेळच येत नाही. नाव यादीतूनच जायला हवं. त्यासाठी एकतर ते फंक्शन वापरणारा भाग काढायचा, नाहीतर गेट-प्रॉक-अ‍ॅड्रेस वापरून प्रोग्रॅम चालू झाल्यावर ते शोधायचं आणि न मिळाल्यास दुसऱ्या वाटेने जायचं. झेडएसटीडी स्वतःच प्रोसेसरचे कोअर मोजताना ही दुसरी पद्धत वापरतं, म्हणून तिथे अडत नाही.

कंडिशन व्हेरिएबल, म्हणजे थ्रेडना थांबवून ठेवण्याची आणि वेळ आली की जागं करण्याची सोय, मात्र व्हिस्टापासूनच (एक्सपीनंतरचं विंडोज) विंडोजमध्ये आले. झेडएसटीडीमध्ये ते फक्त एकाच कारणासाठी लागतात: एकापेक्षा जास्त थ्रेड चालवण्यासाठी. सोर्समध्ये थ्रेडिंगची हेडर फाइल उघडा. मल्टिथ्रेडिंग चालू असेल तर ती फाइल विंडोजच्या किमान आवृत्तीचा मॅक्रो (कंपाइल करताना वाचली जाणारी खूण) पुसून तिथे हेक्समधला ०६०० हा आकडा लिहिते. ०६०० म्हणजे व्हिस्टा, ०५०१ म्हणजे एक्सपी. म्हणजे कंपायलरला तुम्ही बाहेरून ०५०१ सांगितलंत तरी ही फाइल ते ऐकत नाही. याच ठिकाणी लोक अडकतात: ‘मी एक्सपी म्हणून सांगितलं होतं, तरी चौकट येतेच कशी?’

यावर दोन उपाय दिसतात. पहिला, कंडिशन व्हेरिएबलची एक्सपीपुरती नक्कल सेमाफोर आणि इव्हेंट वापरून लिहायची. माझा सल्ला आहे की हे करू नका. ही नक्कल बरोबर लिहिणं भल्याभल्यांना जड जातं. जागं करण्याचा इशारा हरवला की प्रोग्रॅम कधीतरीच, कारण न कळता लटकतो. आणि इतकं करून मिळवायचं काय? त्या काळातल्या बऱ्याच कॉम्प्युटरांत एकच कोअर असतो. दुसरा उपाय सरळ आहे: मल्टिथ्रेडिंग बंद करून कंपाइल करायचं. मेकफाइलमध्ये (कंपाइल कसं करायचं ते लिहिलेल्या फाइलीत) यासाठी ‘झेडएसटीडी-नोएमटी’ नावाचं तयार टार्गेट आहे. मल्टिथ्रेड मॅक्रो नसला की ती हेडर फाइल ०६०० लिहीत नाही, कंडिशन व्हेरिएबल यादीतून जातात, आणि फाइल वाचता-लिहिताना स्वतंत्र थ्रेड चालवणारी नवीन सोयही आपोआप बंद होते. सोबत झेडलिब, एलझेडएमए आणि एलझेड४ या इतर कॉम्प्रेशन पद्धतींचा आधारही बंद करा. मेकफाइलमध्ये तिघांनाही शून्य देता येतं. जितकी कमी डीएलएल, तितकी कमी डोकेदुखी.

एका थ्रेडने बनवलेली फाइल आणि अनेक थ्रेडने बनवलेली फाइल बाइटला बाइट सारखी असेलच असं नाही. त्याने गोंधळू नका, दोन्ही बरोबर असतात. सर्व्हरला काही फरक पडत नाही. झेडएसटीडीचा फॉरमॅट २०१६ सालच्या १.० आवृत्तीपासून पक्का झालेला आहे आणि आरएफसी ८८७८ या जाहीर दस्तऐवजात लिहून ठेवलेला आहे. म्हणून तुम्हाला सगळ्यात नवीच आवृत्ती पोर्ट करायची सक्ती नाही. १.४ मालिकेतली आवृत्ती तुमच्याकडे सुखाने कंपाइल होत असेल तर ती घ्या. सर्व्हरवरचं नवं झेडएसटीडी ती फाइल विनातक्रार उघडेल. बाहेरून आलेल्या अनोळखी फाइली उलगडायच्या असत्या तर मी नवीच आवृत्ती घ्या म्हटलं असतं, कारण डिकोडरमधल्या दुरुस्त्या महत्त्वाच्या असतात. तुम्ही फक्त स्वतःच्या फाइली दाबणार, म्हणजे कॉम्प्रेस करणार आहात.

कंपाइल कुठे करायचं? एक्सपीवर नाही. तुमच्या रोजच्या लिनक्सवर मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ चा ३२ बिटी क्रॉस-कंपायलर (लिनक्सवरच विंडोजची एक्झी बनवणारा) घ्या. इथे तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहायच्या.

पहिली, सी रनटाइम, म्हणजे सी भाषेतल्या प्रोग्रॅमला लागणारी तयार फंक्शनं. मिनजीडब्ल्यू हल्ली दोन चवींत मिळतं, एक जुन्या एमएसव्हीसीआरटीवर बांधलेलं आणि दुसरं नव्या युसीआरटीवर. एक्सपीवर युसीआरटी मुळात नसतं, म्हणून एमएसव्हीसीआरटीवालंच घ्या. डेबियन १२ मधलं ३२ बिटी पॅकेज तसंच आहे. मात्र एमएसव्हीसीआरटी हे नाव एक असलं तरी एक्सपीतली डीएलएल आणि विंडोज १० मधली डीएलएल एक नाहीत. चार जीबीपुढे सरकण्यासाठीचं ‘एफसीक-आय६४’ हे फंक्शन एक्सपीच्या डीएलएलमध्ये नाही, व्हिस्टापासून आहे. मिनजीडब्ल्यूचं स्वतःचं ‘एफसीको६४’ त्याऐवजी वापरता येतं आणि झेडएसटीडीचा कोड मिनजीडब्ल्यू ओळखून तेच घेतो. तुम्ही स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये मात्र ते तुम्हालाच पाहावं लागेल. छापण्याचंही तसंच. एक्सपीच्या प्रिंटएफला सी९९ मधली ‘झेडयू’ ही खूण कळत नाही आणि ‘एलएलयू’ दिलं तर ६४ बिटांच्या आकड्याचे ३२ बिटच उचलले जातात. मग त्याच ओळीतले पुढचे सगळे आकडे सरकतात, आणि एखादी स्ट्रिंग छापायची असेल तर प्रोग्रॅम कोसळतो. मिनजीडब्ल्यूला स्वतःचं अ‍ॅन्सी प्रिंटएफ वापरायला सांगणारा मॅक्रो आहे, तो चालू ठेवा.

दुसरी, प्रोसेसर. पेंटियम ४ असेल तर काळजी नाही. पेंटियम ३ किंवा अ‍ॅथलॉन एक्सपी असेल तर त्यात एसएसई२ (प्रोसेसरच्या जादा सूचनांचा संच) नाही, आणि हल्लीचे कंपायलर ते आहे असं गृहीत धरू शकतात. तेव्हा प्रोग्रॅम सुरू होतो आणि मध्येच हेक्स सी०००००१डी या कोडसह मरतो, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना आली. कंपायलरला ‘मार्च-आय६८६’ (-march=i686) हा पर्याय स्पष्ट सांगा. झेडएसटीडी एसएसई२ वापरतं ते कंपाइल करताना उपलब्ध दिसलं तरच, नाहीतर साधा सी कोड चालतो. थोडा हळू, पण बरोबर.

तिसरी, एक्झीच्या हेडरमधली सबसिस्टिम आवृत्ती. व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ पासूनचा लिंकर तिथे आपणहून ६.० लिहितो. एक्सपी स्वतः ५.१ आहे, त्यामुळे ‘ही वैध विन३२ अ‍ॅप्लिकेशन नाही’ असं म्हणून तो एक्झी उघडायलाच नकार देतो. व्हिज्युअल स्टुडिओच वापरायचा असेल तर २०१७ पर्यंतच्या आवृत्त्यांसोबत मिळणारा एक्सपीचा वेगळा टूलसेट निवडा, त्यात ५.०१, म्हणजेच एक्सपीचा ५.१, लिहिलं जातं. मिनजीडब्ल्यूमध्येही लिंकरला आकडा सांगता येतो.

एक्झी तयार झाली की ती एक्सपीवर नेण्याआधी ऑब्जडंप या कमांडने तिची आयात-यादी छापा. कुठल्या डीएलएलमधून काय काय मागितलंय ते नावानिशी दिसतं. कर्नेल३२ आणि एमएसव्हीसीआरटी याखेरीज काही दिसलं तर थांबा. ‘लिबजीसीसी’ किंवा ‘विनपीथ्रेड’ असं काही असेल तर स्टॅटिक लिंक करायचं, म्हणजे लायब्ररी एक्झीतच बसवायची, राहिलंय. मग कर्नेल३२ खालची नावं वाचा. कंडिशन व्हेरिएबलची चार नावं तिथे नसली पाहिजेत: इनिशियलाइझ, स्लीप, वेक आणि वेक-ऑल. तुमच्या चौकटीत त्यातलं पहिलंच नाव आलं, कारण लोडर पहिल्या अडथळ्याशी थांबतो. तेवढं एक नाव कसंबसं मिटवून एक्झी परत चालवली असती तर पुढचं आलं असतं. एकेक चौकट बघत बसण्यापेक्षा यादी एकदा पूर्ण वाचणं केव्हाही बरं.

वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चाचणी करून समाधान मानू नका. वाइनला एक्सपीसारखं वागायला सांगितलं तरी त्याच्या कर्नेल३२ मध्ये नवी फंक्शनं असतातच, त्यामुळे तिथे चाललेली एक्झी खऱ्या एक्सपीवर अडू शकते. व्हर्च्युअल मशीनमध्ये खरा एक्सपी टाकून पाहा, पण तिथेही प्रोसेसर नवाच असतो, म्हणून एसएसई२ चा घोळ दिसणार नाही. शेवटची चाचणी त्याच कॉम्प्युटरवर.

इथपर्यंत आलात तर इंग्रजी नावांच्या साध्या फाइली व्यवस्थित दाबल्या जातील. पण तुम्ही लिहिलंय की ऑपरेटर फोल्डरांना मराठीत नावं देतात, ‘सकाळ पाळी’, ‘तपासणी बाकी’ अशी. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे एरर नजरेत न येताही फाइल सुटून जाऊ शकते. विंडोजमध्ये देवनागरीला जुन्या पद्धतीचं अ‍ॅन्सी कोडपेज (अक्षरांना आकडे देणारा तक्ता) कधीच नव्हतं. विंडोज २००० पासून देवनागरी आली ती थेट युनिकोडमध्येच. एखादा प्रोग्रॅम साध्या एफओपनने फाइल उघडत असेल तर देवनागरी नाव त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत त्याची प्रश्नचिन्हं झालेली असतात. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मॅनिफेस्टमध्ये लिहून यूटीएफ-८ हेच कोडपेज मागता येतं, पण एक्सपीला ती सोय नाही. बॅच फाइलमधून रात्री हे काम चालत असेल तर ‘फाइल सापडली नाही’ ही ओळ कुणी वाचत नाही, आणि नेमक्या मराठी नावांच्या फोल्डरांतली मोजमापं सर्व्हरवर जात नाहीत.

यावर एक झटपट तोड आहे. एक्सपीचा कमांड प्रॉम्प्ट स्वतः युनिकोडमध्ये फाइल उघडतो. म्हणून नाव प्रोग्रॅमला द्यायचंच नाही. बाणाच्या खुणेने फाइल स्टँडर्ड इनपुटवर वळवायची आणि आउटपुटही तसंच दुसऱ्या फाइलीत वळवायचं. झेडएसटीडी दोन्ही टोकं बायनरी मोडमध्ये टाकतं, तेव्हा बाइट बिघडत नाहीत. यात एवढंच होतं की मूळ फाइलचा आकार आधी माहीत नसल्याने तो हेडरमध्ये लिहिला जात नाही. चालतं. मात्र प्रॉम्प्टवर हाताने दिलेली कमांड आणि बॅच फाइलीत लिहिलेली कमांड यांत फरक आहे. बॅच फाइल युनिकोडमध्ये नाही, कमांड प्रॉम्प्टच्या चालू कोडपेजमध्ये वाचली जाते, म्हणून तिच्यात देवनागरी नावं थेट लिहू नका, फॉर-लूपने फोल्डर फिरवा.

पण हे रोजचं काम आहे, तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर कमांड लाइनचा पूर्ण प्रोग्रॅम पोर्ट केलाच नसता. झेडएसटीडीची लायब्ररी घेतली असती आणि तिच्यावर स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहिला असता. सोर्समध्ये सगळी लायब्ररी एकाच सी फाइलीत गोळा करून देणारी स्क्रिप्ट आहे. ती एक फाइल आणि तुमची एक फाइल, एवढाच प्रकल्प. सिस्टिमशी बोलणारा सगळा भाग तुमच्या फाइलीत असेल: क्रिएट-फाइल-डब्ल्यू, रीड-फाइल, राइट-फाइल. ही तिन्ही फंक्शनं एनटी घराण्यात सुरुवातीपासून आहेत, युनिकोड नावं घेतात आणि चार जीबीपुढेही चालतात. सी रनटाइमचे वर सांगितलेले बहुतेक घोळ इथे उरतच नाहीत.

असा प्रोग्रॅम लिहिताना दोन जागी विशेष लक्ष द्या. एक म्हणजे शेवट. लायब्ररीचं ‘कॉम्प्रेस-स्ट्रीम-२’ हे फंक्शन तुम्ही इनपुट संपल्यावर ‘एंड’ सांगून बोलावता, तेव्हा ते एकाच फेरीत सगळं बाहेर काढेल असं नाही. आउटपुटचा बफर भरला की ते परत येतं आणि आत किती शिल्लक आहे ते सांगतं. शून्य परत येईपर्यंत बफर रिकामा करून पुन्हा पुन्हा बोलवायचं. इनपुट संपलं म्हणजे काम संपलं असं समजून इथे थांबलात तर छोट्या फाइली ठीक निघतात आणि मोठ्या शेपटीकडे तुटतात. हा दोष चाचणीत सुटतो, कारण चाचणीला आपण बहुधा छोटी फाइल घेतो.

दुसरी जागा म्हणजे चेकसम, बिघाड ओळखण्यासाठीचा आकडा. कमांड लाइनचा झेडएसटीडी प्रत्येक फ्रेमच्या शेवटी मूळ मजकुराचा चार बाइटांचा चेकसम आपणहून लिहितो. लायब्ररी लिहीत नाही. तिथे तो पर्याय बंद असतो आणि तुम्हाला तो चालू करावा लागतो. जुन्या कॉम्प्युटरवर तो चालू करायलाच हवा. इतकी वर्षं धुळीत आणि उष्णतेत चाललेल्या मेमरीत एखादा बिट उलटणं अगदी शक्य आहे, आणि कॉम्प्रेस केलेल्या फाइलीत एक बिट बिघडला तर त्याच्या पुढचा मोठा तुकडा जातो. चेकसम असेल तर निदान उलगडताना कळेल.

कॉम्प्रेशनच्या लेव्हलबद्दल फार विचार करू नका, ३ ठेवा. १९ वर गेलात तर मोठ्या फाइलींसाठी एका टेबलाला ६४ एमबी, दुसऱ्याला १६ एमबी आणि विंडोला ८ एमबी लागतात. ५१२ एमबीच्या कॉम्प्युटरवर यंत्राचं सॉफ्टवेअर चालू असताना एवढी मेमरी खेचली तर डिस्कवर अदलाबदल सुरू होईल आणि मोजमाप अडखळेल. ‘लाँग’ हा पर्याय तर विसराच, त्याची विंडो १२८ एमबीची असते. काम रात्री किंवा जेवणाच्या सुटीत लावा, स्टार्ट कमांडला ‘लो’ देऊन प्राधान्य कमी करा, आणि यंत्र काम करत असताना कधीही चालवू नका.

झेडएसटीडी एका वेळी एकच फाइल दाबतं, फोल्डर नाही. विंडोजसोबत टार (फोल्डरची एकच फाइल बनवणारा प्रोग्रॅम) मिळायला लागलं ते २०१८ च्या विंडोज १० पासून. एक्सपीवर टार बनवायला ७-झिप पुरेसं आहे. टार बनवून ती तुमच्या प्रोग्रॅमला द्या. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, त्यामुळे दिवसागणिक वेगळी टार करा.

आउटपुट थेट अंतिम नावाने लिहू नका. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, बफर डिस्कवर उतरवा, तीच फाइल परत उलगडून मूळ फाइलशी ताडून पाहा, आणि जुळलं तरच नाव बदला. मूळ फाइल प्रोग्रॅमने आपणहून पुसू नये. सर्व्हरकडून ‘मिळाली, उघडली, जुळली’ असं आल्यावरच ती जावी.

चाचणीला कुठल्या फाइली घ्याव्यात? शून्य बाइटांची एक, एका बाइटाची एक. हेक्स १ए आणि ०ए हे बाइट ठासून भरलेली एक, कारण बायनरी मोड चुकला असेल तर १ए ला फाइलचा शेवट समजलं जातं आणि ०ए च्या आधी ०डी घुसतो. आधीच झिप केलेली एक, म्हणजे आकार कमी न होणारी फाइल बरोबर हाताळली जाते का ते कळेल. चार जीबीहून मोठी एक, ती मात्र एनटीएफएस डिस्कवर. देवनागरी नावाची एक आणि नावात जागा सोडलेली एक. प्रत्येकीचा एसएचए-२५६ (मजकुराचा ठसा) एक्सपीवर काढा, ७-झिपच्या ‘एच’ कमांडने तो मिळतो. मग लिनक्सवर उलगडून तिथला एसएचए-२५६ जुळवा. कॉम्प्रेस केलेल्या फाइली एकमेकींशी ताडू नका, उलगडलेल्या ताडा. आणि लिनक्सवर हेक्समध्ये उघडून पहिले चार बाइट २८ बी५ २एफ एफडी आहेत ना, तेही पाहून घ्या. आउटपुटच्या वाटेवर काही बिघडलं असेल तर बऱ्याचदा इथेच उघड होतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की त्याच कारखान्यात एक विंडोज ९८ चा कॉम्प्युटरही आहे, त्यावर हेच चालेल का. जसंच्या तसं नाही. ९८ मध्ये क्रिएट-फाइल-डब्ल्यू हे नाव सापडतं, म्हणून लोडर अडत नाही, पण बोलावलं की ‘हे केलेलं नाही’ असा १२० क्रमांकाचा एरर परत येतो. तिथे ‘ए’ ने संपणारी फंक्शनं वापरावी लागतील आणि नावं इंग्रजीच ठेवावी लागतील. गाभ्याची एक सी फाइल मात्र तीच राहील, फक्त तुमची फाइल दुसरी लिहायची. त्या कॉम्प्युटरवर रोजचा डेटा थोडाच असेल तर मी एवढा खटाटोप न करता फाइली कच्च्याच एक्सपीवर आणून तिथे दाबल्या असत्या.

आधी नोएमटीची एक्झी बांधून आयात-यादी काढून पाहा. तरीही चौकट आली तर तिच्यातलं फंक्शनचं नाव जसंच्या तसं, एक्सपीचा सर्व्हिस पॅक आणि प्रोसेसरचं मॉडेल एवढं लिहून कळवा. त्या तीन गोष्टींवरून पुढचं बहुधा सांगता येतं.